उत्तरवाले

चहाचा कप आत सरकवता सरकवता आई म्हणाली, "आज दुपारी सगळे इथंच येणार आहेत प्रार्थनेला," आणि आरसा परत लावून घेतला. म्हणजे दार लावलं. पण आमच्या घरात त्या दाराला दार म्हणायची सोय राहिलेली नाही. घातलेला कपडा गिऱ्हाइकाला बघता यावा म्हणून शिंप्याच्या दुकानात उंच आरसा असतो, तो माझ्या वडिलांनी कापडाच्या खोलीच्या दारावरच ठोकला होता, जागा वाचावी म्हणून. मी परत आलो त्या दिवशी आईनं बाहेरची मूठ काढली आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकली. आता बघणाऱ्याला आरसा दिसतो, आरशात तो स्वतः दिसतो, आणि माणूस एकदा स्वतःला बघायला लागला की मागं काय आहे याची चौकशी करत नाही. मागं मी असतो. उरलेसुरले कापडाचे तागे, एक स्टूल, एक बादली आणि वर हाताएवढा झरोका. पाय लांब करायचे तर आधी तागे उभे करावे लागतात. तागे आडवे केले तर मी उभा. दोघांपैकी एकानंच आडवं व्हायचं असा आमचा करार आहे.

मला आईचा इतका राग आला की चहा तसाच ठेवला. गुळणी धरून बसणं हा एवढाच राग मला परवडतो. भांडं आपटायची सोय नाही. नाही म्हणता आलं नसतं का हिला? डोकं दुखतंय म्हणावं, पाणी येत नाही म्हणावं, काय वाटेल ते. पण तिला नाही म्हणता येत नाही हे मलाही कळत होतं. ज्यांचं माणूस बेपत्ता आहे अशा घरी दर बुधवारी प्रार्थना होते. आजवर चारी देवळांतल्या बाकी सगळ्यांच्या घरी झाली. आमचंच घर राहिलं होतं, आणि राहिलेलं घर लोकांच्या डोळ्यावर येतं. बेपत्ता मुलाची आई प्रार्थनेला दार उघडत नाही म्हणजे काय? गल्लीला दुसरं काम काय आहे सध्या? तेव्हा तिचं बरोबरच होतं. बरोबर असलेल्या माणसाचा राग फार वेळ धरता येत नाही, आणि चहाही निवला. मग तो निवलेलाच प्यालो.

सगळे म्हणजे चारी देवळं. आमच्या भागात हाकेच्या अंतरावर चार देवळं आहेत, आणि देव एकच असल्यामुळे चौघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. एक घंटेवाले. त्यांच्याकडे धूप, घंटा, लांब झगे. दुसरे टाळ्यावाले, ते एकदा सुरू झाले की सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, प्रत्येकाची वेगळी, आणि देवानं ती निवडून घ्यायची. तिसरे मुके. ते तासभर गोलात नुसते बसतात. लहानपणी खिडकीतून डोकावून आम्ही पैज लावायचो की यात आधी कोण हरणार. आणि चौथे आम्ही, उत्तरवाले. आमच्यात पाळक एक ओळ म्हणतात आणि थांबतात, आणि त्या थांबलेल्या जागेत सगळ्यांनी म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." पुढची ओळ, पुन्हा तेच. शब्द बदलत नाहीत, सूर बदलत नाही. आई लग्नाआधी घंटेवाल्यांतली. ती आमच्यात आली म्हणून तिच्या सख्ख्या मावश्या लग्नाला आल्या नव्हत्या. त्याच मावश्या आता दर बुधवारी तिच्या शेजारी बसतात. जे देवाला जमलं नाही ते युद्धानं करून दाखवलं, असं मी एकदा आरशाच्या फटीतून म्हणालो, तर तिनं मला त्या वेळचं जेवण दिलं नाही. "उपास कर," म्हणाली, "तोंड जरा स्वच्छ होईल."

सकाळपासून ती दुकान आवरत होती. दुकान म्हणजे आमची पुढची खोली. मशीन तिनं कोपऱ्यात लोटलं, त्याची चाकं फरशीवर कुरकुरली, आणि तो आवाज माझ्या दातांतून गेला. मी इथं असताना माझं मशीन चालत नाही, हे मला भुकेपेक्षा जड जातं. आईला मशीन चालवता येत नाही हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे, त्यामुळे टीप मारली की संपलो. मी हातानं काजं करतो. जुन्या चादरीवर ओळीनं काजं करत जातो, भरली की उसवतो आणि परत करतो. वडील म्हणायचे, काज बघून शिंपी ओळखावा. वडील देवळात माझ्या शेजारी बसायचे आणि पाळकांची ओळ संपली की बाकाच्या कडेवर बोटातलं अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची लोखंडी टोपी, एकदा वाजवायचे, टिक. त्या टिकवर मी उत्तर द्यायला शिकलो. मला बोलायला उशिरा आलं, असं आई सांगते. पण उत्तर मी आधी शिकलो, आई, बाबा, पाणी हे सगळं नंतर. मग आवाज फुटला आणि तो असा फुटला की पाळकांनी मला गाण्यात मागच्या रांगेत उभं केलं, खर्ज लावायला. माझ्या आवाजाला तळघर म्हणायचे सगळे. हे नाव टोस्टनं ठेवलं होतं.

टोस्ट म्हणजे पाववाल्या मावशींचा मुलगा. बेकरीत जन्माला येऊन तो इतका काटकुळा होता की नाव आपोआप पडलं. शाळेत एका बाकावर, देवळात एका रांगेत, आणि सैन्याचं बोलावणं आलं तेव्हा गाडीच्या एका डब्यात. स्टेशनवर दोन्ही आया होत्या. माझी आई रडत होती आणि मावशी तिला दटावत होत्या, "रडू नका हो, पोरं घाबरतात." टोस्टला मिळालेले बूट त्याला एक नंबर लहान होते. त्यानं बदलून मागितले तर तिथला माणूस म्हणाला, "चालून चालून सैल होतात." एवढंच बोलणं. चालायची वेळ आलीच नाही. पुढच्या मोठ्या स्टेशनाबाहेर गाडी सिग्नलला थांबली आणि वरून विमानं आली. मला त्यातलं सलग काही आठवत नाही आणि मी आठवायला जात नाही. पण टोस्ट रुळाच्या कडेच्या खडीवर पडला होता आणि मी त्याच्याजवळ होतो, हे मला आठवत नाही असं म्हणून चालत नाही. त्याच्या पोटाकडे मी बघितलं नाही. तो म्हणाला, "बूट काढ ना रे माझे, चावतायत." मी नाड्या सोडायला लागलो. रक्तानं नाडीची गाठ फुगली होती. ज्या बोटांनी मी दिवसभर काजं करतो त्या बोटांना ती गाठ सुटेना. एक बूट निघाला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा तो बोलायचाच थांबला होता. तरी मी दुसराही काढला. दोन्ही जोडीनं ठेवले, घरी दाराशी ठेवतात तसे, आणि उठून घराच्या दिशेनं चालायला लागलो. पळपुटा म्हणा. मला त्या शब्दाचं काही वाटत नाही, मी पळालो नाही, चालतच आलो.

गाडीच निम्मी उरली नाही, त्यामुळे आम्ही दोघंही बेपत्ता ठरलो. बेपत्ता माणूस मेलेलाही नसतो आणि पळालेलाही नसतो, ही त्यातली सोय. पण मी घरात सापडलो तर मात्र पळालेलाच. मग मला भिंतीशी उभं करतील आणि लपवलं म्हणून आईला कोठडीत टाकतील. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराचं आणि त्याच्या बायकोचं तेच झालं. टोस्टचं मी आईला सांगितलं नाही. आईच्या पोटात काही राहत नाही असं नाही, माझ्यासारखं अख्खं माणूस तिनं पोटात ठेवलंय. पण ती रोज सकाळी बेकरीत जाते, आणि मावशी रोज तिला विचारतात, "काही कळलं?" आणि आई म्हणते, "नाही हो. तुम्हाला?" तेवढं खोटं ती बोलते कारण ते तिच्या मुलासाठी आहे. दुसरीच्या मुलाचं खोटं तिच्या तोंडावर टिकलं नसतं. आणि तिनं ते सांगितलं असतं तर मावशींनी पहिला प्रश्न काय विचारला असता? तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणून मी गप्प. मावशी आईच्या पिशवीत एक पाव जास्तीचा टाकतात. "अंगात ताकद हवी," म्हणतात, "पोरं आल्यावर करायला." तो पाव मी खातो. सालासकट, चुरा बोटानं टिपून. घास घशाखाली उतरत नाही वगैरे जे म्हणतात ना, तसं काही होत नाही. उतरतो. छान उतरतो, आणि मग मला माझीच शिसारी येते.

दुपारी ते आले. मला आरशाखालच्या फटीतून फक्त पायताणं दिसत होती, आणि आमच्या गल्लीत पायताणांवरून माणूस न ओळखणारा शिंपी कसला. पाय बघितल्याशिवाय पायघोळ पँट कापता येत नाही. घंटेवाल्या फादरांचे रुंद काळे बूट, टाळ्यावाल्या बायकांच्या टाचा, आणि मुक्यांचे मास्तर, ज्यांनी मला आणि टोस्टला गणित शिकवायचा अयशस्वी प्रयत्न केला होता, त्यांच्या घासून घासून पांढऱ्या झालेल्या चपला. मावशींच्या बुटांच्या शिवणीत पीठ होतं. एक बाई सरळ आरशासमोर येऊन उभी राहिली. रुमाल नीट करत असावी. तिच्यात आणि माझ्यात फळीभर अंतर. तिनं जांभई दिली ती मला ऐकू आली, आणि खोटं कशाला सांगू, मलाही आली. ती मी चादरीत तोंड खुपसून जिरवली. खोलीत माणसं वाढली तशी इथली हवा कमी झाली, किंवा मला तसं वाटलं. घाम कानामागून गळ्यात उतरत होता आणि तो पुसायला हात उचलला तर कोपर ताग्याला लागेल म्हणून मी तो उतरू दिला. बाहेर इतकी माणसं माझ्यासाठी देवाकडे दाद मागायला जमली होती, आणि मला देवाकडे एकच मागायचं होतं, की यांना लवकर घरी जाऊ दे.

आमचे पाळक आघाडीवर गेलेले, तेव्हा चालवायचं काम मास्तरांकडे आलं होतं. मुक्या लोकांतल्या माणसाला बोलायचं काम दिलं की तो ते फार मनावर घेतो. त्यांनी सगळ्यांचं सगळं ठेवलं. फादरांनी घंटा वाजवली. मग मुक्यांची शांतता झाली, आणि ती मला अशी चेपत गेली की पोटातला चहा हलला तरी मला ऐकू येत होता. शेवटी मास्तर म्हणाले, "आता यांच्या पद्धतीनं करू. यजमानीणबाई त्यांच्यातल्या आहेत. मी दर ओळीनंतर थांबेन, तुम्ही उत्तर द्या." आता आमच्यातली माणसं तिथं किती? आई, मावशी आणि दोनतीन म्हातारे, ज्यांना थांबल्याचंही ऐकू येत नाही. बाकीच्यांना आमचं उत्तर माहीत होतं, पण दुसऱ्याच्या घरातला तांब्या पटकन कोण उचलतं?

"ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांना शहाणपण मिळावं, म्हणून आम्ही विनंती करतो." थांबले. आई आणि मावशी म्हणाल्या, हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक. आवाज अगदी बारीक. "शत्रूच्या घरीही आया आहेत, त्यांच्यासाठी." पुन्हा तसंच, थोडं आणखी बारीक. माझे ओठ हलत होते ते मला कळत होतं. ओठ हलले तर काय होतंय? "जखमींसाठी." म्हाताऱ्यातला एक उशिरा, एकटाच म्हणाला. मग मास्तरांनी माझं नाव घेतलं. घरात कुणी न वापरलेलं, बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव. "हा आपला मुलगा बेपत्ता आहे. तो सुखरूप घरी परत यावा, म्हणून आम्ही विनंती करतो." आणि थांबले.

आईला हुंदका आला. खरा होता की आणलेला होता, देव जाणे. पण उत्तर द्यायला ती उरली नाही. मावशींनी तिला धरलं असावं, कारण पिठाचे बूट तिच्या चपलांपाशी सरकले. म्हाताऱ्यांना कळलंच नाही. आणि ती जागा रिकामी राहिली. मास्तर शब्दाचे पक्के, उत्तर येईपर्यंत पुढं जायचे नाहीत. मी आयुष्यात ती जागा रिकामी बघितली नव्हती. लग्नात, मयताला, वडिलांच्या मयतालासुद्धा ती भरलेली होती. कुणी काही फेकलं की झेलायला हात आपोआप पुढं होतो, तसं झालं. मी म्हणालो, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." हळूसुद्धा नाही. मागच्या रांगेतून म्हणतात तेवढ्या आवाजात, तळघरातून. आपल्या सुखरूप परतीसाठी आपणच देवाला विनंती करणारा मी पहिलाच असेन.

बाहेर एकही पाय हलला नाही. मी तोंडावर हात दाबला, जणू निघालेलं परत आत जाणार होतं. आईचा हुंदका मधेच तुटला, आणि त्यावरून मला कळलं की तो खराच होता. फादरांचे काळे बूट हळूहळू वळले, आरशाकडे टोकं करून थांबले. आता कुणीतरी उठेल, खुंटी ओढेल, नाहीतर शहाण्यासारखा काही न बोलता बाहेर जाईल आणि चौकीवर सांगून येईल. माझ्या डोळ्यांसमोर सुताराची बायको आली, तिला नेलं तेव्हा तिच्या हाताला कणीक होती. मी मनात आईची माफी मागितली. आणि मास्तरांनी, त्यांच्या आवाजात काडीचा फरक न पडता, टोस्टचं नाव घेतलं. "हाही आपला मुलगा बेपत्ता आहे. तो सुखरूप घरी परत यावा, म्हणून आम्ही विनंती करतो." आणि पुन्हा थांबले.

या वेळी कुणीच उत्तर दिलं नाही. या वेळी मला वाटतं सगळे आरशाकडे बघत होते. भीतीनं गप्प बसलो असं मला म्हणता येईल. पण घाबरायचं ते होऊन गेलं होतं, आता एकदा काय आणि दोनदा काय. जीभ तयार होती. तिच्यावर शब्दही होते. ते निघेनात, कारण टोस्टचे ते दोन बूट मी माझ्या हातांनी जोडीनं ठेवले होते. ती थांबलेली जागा किती लांबली कोण जाणे, मग टाळ्यावाल्यांतली कुणी बाई एकाएकी मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागली आणि तिच्यामागं तिचं सगळं देऊळ. तिला उमजून तिनं आवाज झाकला, की तिला अवसानच आलं होतं, मला सांगता येत नाही. टाळ्या सुरू झाल्या, आरसा थरथरायला लागला, खुंटी खुळखुळली. त्या गदारोळात फादरांचे बूट परत समोर वळले.

मग शांतीचे हात झाले. प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात हातात घेऊन "तुम्हाला शांती असो" म्हणायचं. शांती असो, शांती असो, खुर्च्या सरकल्या, कुणी चहा छान झालाय म्हणालं, कुणी पाण्याच्या टंचाईचं बोललं. आवाजाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तेच मला सहन होईना. आजवर मी एका बाईच्या तोंडावर जगत होतो. आता इतक्या तोंडांवर जगायचं, आणि त्यातलं एखादं उद्या भांडणात, तापात, पोराला घाबरवताना उघडलं की झालं. खोली तेवढीच होती, पण आता तिला भिंतीऐवजी माणसं लागली होती. आई सगळ्यांना पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेली. जाताना तिच्या चपला आरशासमोर किंचित घुटमळल्या. माझ्यावर ओरडायलाही तिला जागा नव्हती.

पिठाचे बूट गेले नव्हते. मावशी कपबश्या गोळा करत होत्या. एकात एक ठेवत होत्या, ते थांबलं. मग बूट आरशासमोर आले.

"बोलू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मी कुणाला सांगायची नाही. तू आहेस, बरं झालं. तुझ्या आईचं बरं झालं." त्यांचा श्वास काचेवर लागत असावा. "तू स्वतःसाठी म्हणालास. माझ्या पोरासाठी म्हणाला नाहीस."

मी चादरीतली सुई काढून ताग्यात खोचली.

"घाबरला असशील. एवढी माणसं. आता कुणी नाही, मी एकटी आहे. मी म्हणते, तू नुसतं उत्तर दे." आणि त्यांनी मास्तरांसारखं, अगदी शब्द न चुकवता म्हटलं, "माझा मुलगा सुखरूप घरी परत यावा, म्हणून आम्ही विनंती करतो." आणि थांबल्या.

पाच शब्द होते. म्हणून टाकायचे. मी काय साक्षीला उभा होतो? प्रार्थनाच तर होती, आणि प्रार्थनेत काय खोटं आणि काय खरं? ते शब्द म्हटले असते तर ही बाई कपबश्या धुऊन घरी गेली असती, उद्या पिशवीत पाव टाकला असता, परवा टाकला असता, आणि मी तो खाल्ला असता. माझ्या सबंध अंगाला ती रिकामी जागा ओढत होती. मी चादरीचा बोळा करून तोंडात धरला आणि दातांनी दाबला. टोस्टचे मोजे मला दिसत होते, एकाला अंगठ्याजवळ रफू केलेलं होतं, ते रफू या बाईच्या हातचं होतं.

त्यांनी तीच ओळ परत म्हटली. परत थांबल्या. बाहेर रस्त्यावर आई कुणाला तरी अच्छा म्हणत होती. मग फळीला काहीतरी टेकलं, कपाळ असावं.

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी खाकरून आवाज नीट केला. "जे आमच्यातून तुझ्याकडे विसाव्याला गेले त्यांच्यासाठी." आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं, आणि थांबल्या.

मी तोंडातलं कापड काढलं. "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," मी म्हणालो.

बूट जागचे हलले नाहीत. आईची पावलं दाराकडे येत होती.

"एकटा होता का रे?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "मी होतो."